बशीरभाईंचं एक पान

फोन आला तेव्हा मी तालुका कोर्टाच्या बाररूममध्ये चहा पीत होतो. "वकीलसाहेब, बांधावर बशीरभाईंना कुऱ्हाड लागली... गेले." फोनमधून बायकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. परवा त्यांचा चाळिसावा झाला. लोक त्यांच्याबद्दल गोडगोड बोलले, मीही बोललो. खोटारडा कुठला! म्हणून आज खरं लिहितो.

बशीरभाई कोर्टाच्या आवारात लिंबाखाली अर्ज लिहायचे. हुकूम कितीही पानांचा असो, ते त्याचं साध्या मराठीत एक पान करायचे आणि भांडणाऱ्या दोघांना एकाच बाकड्यावर बसवून वाचून दाखवायचे. मग म्हणायचे, "आता तू फिरून सांग बे." गड्याला सांगता आलं नाही, की पान टराटरा फाडून नवं लिहायला घ्यायचे. "चूक तुझी न्हाई. माझाच कागद अवघड झाला."

आम्हा वकिलांच्या डोळ्यांत ते लई खुपायचे. पक्षकाराला सगळं कळायला लागलं तर आमच्या काळ्या कोटाला विचारतो कोण? एकदा एका वकिलाच्या माणसांनी त्यांचं टेबल उलथं केलं, लाथा घातल्या, दोन दात पाडले. मी पायरीवरून बघत होतो... हसलोही. बशीरभाईंनी तोंडातलं रक्त थुंकलं, चष्मा पुसला आणि तिथंच फुफाट्यात बसून अर्धं राहिलेलं पान पुरं केलं. जाताना मला म्हणाले, "हसू नका वकीलसाब. ह्या भांडणाऱ्यांच्या घरात कुऱ्हाडी हायत. कागद कळला न्हाई की त्याच बाहेर काढत्यात."

तलवाड्याकडचे महादू आणि आश्रुबा हे चुलतभाऊ. त्यांचा बांधाचा दावा बापांच्या वेळेपासूनचा, महादू माझा पक्षकार. हुकूम आला तो सतरा पानांचा, इंग्रजीत. बशीरभाई धावत आले, "दोघांना थांबवा, मी लिहून वाचून दाखवतो." माझ्या घरी पाहुणे यायचे होते. महादूनं विचारलं, "सायेब, काय झालं?" मी स्कूटरला किक मारत म्हणालो, "आपल्यासारखं झालं, जा." आश्रुबाच्या वकिलानंही त्याला हेच सांगून वाटेला लावलं. त्या दिवशी दोन्ही घरांपुढं गुलाल उधळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादूनं वादातल्या पट्ट्यात ट्रॅक्टर घातला. आश्रुबाची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, तशी महादूकडचीही धावली. महादूच्या भावाचं डोकं फुटलं, ढेकळं लाल झाली. आश्रुबाचा पंजा मनगटाला नुसता लोंबकळत राहिला. गुलालाची खबर ऐकून बशीरभाई लिहिलेलं पान घेऊन कुणाच्या तरी मोटारसायकलवरून पोचले, ते या मारामारीत. पान वर धरून मधे घुसले. "थांबा बे! कोनीच जिंकलेलं न्हाई!" महादूनं आश्रुबावर उगारलेली कुऱ्हाड त्यांच्या मानेत बसली.

महादू तुरुंगात आहे. मी मात्र रोज इस्त्रीचा कोट घालून कोर्टात जातो. लाज वाटते.

रक्ताचे डाग पडलेलं ते पान पोलिसांकडे आहे, माझ्याकडे नक्कल आहे. काल महादूची आणि आश्रुबाची बायको, दोघी कोर्टात आल्या होत्या. लिंबाखालचं बाकडं अजून तिथंच आहे. मी दोघींना बसवलं आणि वाचलं, "सरकारी मोजणी होईपर्यंत महादूने त्या पट्ट्यात नांगर घालायचा नाही. आश्रुबानेही घालायचा नाही. जमीन कुणाची, ते कोर्ट नंतर ठरवेल." संपलं. सतरा पानांत एवढंच होतं!

बशीरभाईंसारखंच माझ्याही तोंडून निघून गेलं, "आता फिरून सांगा."

महादूच्या बायकोनं शब्द न चुकवता सगळं सांगितलं. मग पदर आवळून माझ्याकडं बघत म्हणाली, "एवढंच हुतं व्हय सायेब? मग आमच्या मालकाला तुमी कावून तसं सांगितलं?"

मी पानाची घडी घालत बसलो...

"सांगा की, सायेब."