बॉम्बच्या जागी सोफा

संग्रहालयातल्या त्या विमानात शिरलो आणि माझा जळफळाट सुरू झाला. महायुद्धात बॉम्ब टाकणारं विमान. युद्ध संपल्यावर कुणा कारखानदाराने विकत घेऊन फिरायला वापरलेलं. बॉम्ब टांगायचे तिथे आता मऊ सोफा, खिडक्यांना मोतिया पडदे, भिंतींना मखमल.

मला फौज सोडून कितीतरी वर्षं झाली. अजूनही मी पहाटे उठून चादरीची चौकोनी घडी घालतो, पाच मिनिटांत जेवण उरकतो, फटाका वाजला की भिंतीला चिकटतो. नातवंडं माझ्या मांडीवर बसायला कचरतात.

"बघा, एवढं धूड माणसाळलं," बायको म्हणाली. "तुम्ही तेवढे राहिलात."

पत्र्याला जमलं ते मला का जमू नये? भिंतीवरची मखमल एका कोपऱ्यात सुटली होती. चिडून मी ती उचलून पाहिली. आत बॉम्ब अडकवायचे आकडे जसेच्या तसे होते.

बायकोनेही ते पाहिले. तिने मखमल सारखी केली आणि वरून हलकेच थोपटलं, झोपेत दचकलेल्या पोराला थोपटावं तसं.

त्या विमानाचा मला पुन्हा हेवा वाटला.