साळवींचा झोपलेला पक्षी

पक्ष्यांच्या ग्रुपमध्ये फोटो साठतात त्याच्या दुप्पट किस्से साठतात. फोटोचं बरं असतं, हलला की डिलीट मारता येतो. किस्सा डिलीट होत नाही. चहाला बसलं की कोणीतरी तो पुन्हा काढतं आणि थोडा वाढवूनच सांगतं. आमच्या हिमालय ट्रिपचे किस्से ग्रुपमध्ये एवढे फिरलेत, की जे आलेच नव्हते तेही आता सांगतात. हसतात सगळे. मला हल्ली जमत नाही, तरी सांगते.

ग्रुप सानपाड्याचा. सगळे काका लोक. एरवी खाडीवर फ्लेमिंगो, आणि वर्षातून एकदा लांबची ट्रिप. अध्यक्ष कारखानीस काका, रिटायर्ड चीफ इंजिनिअर. घरात कोणी ऐकत नाही म्हणून ग्रुपला ऐकवतात. म्हात्रे काका मूळ गाववाले, आता बिल्डर, लेन्स खांद्यावर पाइप टाकल्यासारखी घेऊन फिरतात. आणि माझे बाबा, साळवी, तुर्भ्याच्या कंपनीत स्टोअरला. मी इंजिनिअरिंग थर्ड इयरला सोडलेली त्यांची मुलगी. लोकांना बाबा सांगतात, ‘ब्रेक घेतलाय.’

ग्रुपचं दरवर्षी कॅलेंडर निघतं. बाबा पहिल्यापासून ग्रुपमध्ये, पण त्यांचा एकही फोटो कधी छापला गेला नाही. शेवटच्या पानावर सगळ्यांचा एकत्र फोटो असतो, तो मात्र दरवर्षी बाबाच काढतात. त्यामुळे त्यातही ते नसतात.

*

तर त्या जानेवारीत आम्ही उत्तराखंडात, गुडघाभर बर्फात. पक्षी लपून बसले की काका लोक मोबाइलवर त्यांचा आवाज लावतात. दुसरा नर आला समजून पक्षी भांडायला बाहेर येतो. पहिल्याच सकाळी कारखानीस काकांनी झुडपामागून आवाज लावला आणि पलीकडून उत्तर आलं. काका ओणवे होऊन निघाले. उत्तर जवळ येत गेलं. बराच वेळ हे चाललं. शेवटी झुडूप बाजूला झालं आणि समोर हातात मोबाइल घेऊन म्हात्रे काका ओणवे!

कारखानीस काका म्हणाले, “म्हात्रे, तुम्ही?”

म्हात्रे काका म्हणाले, “मना वाटला नर हाय.”

पक्षी कुठेच नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि फांद्यांवरचा बर्फ गळून गेला. फोटोत पक्षी हवा, त्याच्या पायाखाली बर्फ हवा. आजूबाजूला ढीगभर बर्फ, पण तो फांदीवर टिकेना. म्हात्रे काकांनी बॅगेतून शेव्हिंग फोम काढला आणि फांदीवर छान रेघ ओढली. एक इवलासा पक्षी आला, चोच मारली आणि ती चोच फांदीला घासत बसला. घासतच राहिला. काकांनी घासतानाचे फोटो ग्रुपवर टाकले, ‘बर्फात खेळताना’ म्हणून. खाली शंभर लाइक. पहिला बाबांचा.

*

त्या दिवशी जेवताना कारखानीस काकांना माझ्या शिक्षणाची काळजी वाटली. म्हणाले, “साळवी, वाईट नका वाटून घेऊ. काही पिल्लं घरट्यातून खाली पडतातच.”

बाबा हसले. खरंच हसले.

मी विचारलं, “काका, तुमचा मुलगा अमेरिकेला गेला तो परत आला नाही ना? त्याला पक्ष्यांच्या कुठल्या जातीत धरायचं?”

म्हात्रे काकांना ठसका लागला. बाबांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, “सॉरी म्हण. कॅलेंडरचे फोटो तेच निवडतात.” मी म्हटलं सॉरी.

*

संध्याकाळी उतारावर टिट पक्षी दिसले. काळ्या गळ्याचे, चिमणीहूनही लहान, एका फांदीवर एकमेकांना चिकटून ओळीत बसलेले. पिसं फुगवून, डोकी आत घालून. कापसाची माळ वाटत होती. थंडीत ते रात्रभर असेच ऊब धरून बसतात. हे आम्हाला माहीत होतं. कारखानीस काकांनीच तो मेसेज सगळ्यांना पाठवला होता.

पण फोटोत डोळा दिसायला हवा. आमच्या ग्रुपची पद्धत अशी, की पक्षी बघत नसेल तर एकाने टाळी वाजवायची. सगळे कॅमेऱ्याला डोळे लावून तयार झाले आणि कारखानीस काका कुजबुजले, “साळवी, टाळी.”

बाबांनी हातमोजे काढले. हातमोज्यांत आवाज येत नाही ना. आणि टाळी वाजवली.

ओळ तुटली. सगळे खाली दरीकडे, धुक्यात, जिकडेतिकडे. फोटो कोणालाच मिळाला नाही. कारखानीस काका म्हणाले, “टाळीसुद्धा धड वाजवता येत नाही तुम्हाला.”

बर्फ पडायला लागला तेव्हा आम्ही शेकोटीशी भजी खात होतो.

*

सकाळी बाबा एकटेच ट्रायपॉड घेऊन गेले. मी मागून त्यांचा चहा घेऊन गेले. त्याच झाडाखाली बर्फात एक टिट पडला होता. मेलेला, कडक. बाबांनी तो उचलला, तळहातावर थोडा वेळ ठेवला. मग दोन फांद्यांच्या बेचक्यात बसवला. मान पिसांत दाबली. पाठीवर चिमूटभर बर्फ भुरभुरला.

मागे वळले तेव्हा मी दिसले.

“लाइट चांगलाय,” म्हणाले.

मी चहा दगडावर ठेवून परत आले.

*

डिसेंबरात सोसायटीच्या हॉलमध्ये कॅलेंडर निघालं. जानेवारीच्या पानावर बाबांचा फोटो, ‘बर्फातली झोप’. आई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. आमच्याकडे रीत अशी, की ज्याचा फोटो त्याने माइकवर येऊन तो कसा मिळाला ते सांगायचं. कारखानीस काकांनी आधी स्वतःच सांगितलं, की इतक्या जवळून एवढा चंचल पक्षी, याला म्हणतात तपश्चर्या! मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बापाकडून शीक जरा.”

बाबांनी माइक हातात घेतला.

“थंडी फार होती,” एवढंच म्हणाले आणि खाली येऊन बसले. केवढ्या टाळ्या पडल्या!

नवीन वर्षाच्या सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात खिळ्याला कॅलेंडर लावलं. आधी पहिलं पान मागे उलटलं. वर आला फेब्रुवारी, म्हात्रे काकांचा खंड्या. आई ओट्यापाशी होती. म्हणाली, “अहो, महिना चुकला.”

“असू दे.”

आई त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आणि जानेवारीतले दुधाचे खाडे तिने फेब्रुवारीच्या पानावर लिहिले.