टोस्ट आणि कोबीचे गड्डे

माइक हातात आला की माझा आवाज मला तिथंच सोडून घरी निघून जातो. एरवी तो कुठं मावत नाही. होळी नावाच्या गावात माझी भाजीची वाडी आहे, आणि पिकवलेली भाजी मी स्वतः बाजारात बसून, ओरडून विकतो. (पण सूट घालून, स्टेजवर उभं राहून ओरडायला मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं!)

सांगितलं ते माझ्या पुतणीनं, जेनिटानं. लग्न ठरलं तशी थेट वाडीत आली.

"काका, रिसेप्शनला टोस्ट तूच बोलायचास."

आमच्या लग्नांत केक कापला की घरातलं कुणीतरी वडीलधारं नवरानवरीबद्दल चार शब्द बोलतं आणि मग सगळे ग्लास उंच करतात, तो टोस्ट.

"अगं, फादरना सांग ना!"

"फादर चर्चमध्ये मिस्साला बोलतीलच. पप्पा असते तर टोस्ट तेच बोलले असते ना?"

पप्पा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो आता नाही. यावर नाही कसं म्हणणार? हो म्हटलं.

माझी बायको लुसी मला हाताला धरून नायगावला घेऊन गेली. तिथं नव्या टॉवरमध्ये एक सर भाषणाचा क्लास घेतात. सरांनी शिकवलं: पाय रोवून उभे राहा, पोटातून श्वास घ्या, पहिलं वाक्य पाठ ठेवा. "आणि फारच भीती वाटली तर समोर माणसं नाहीतच, कोबीचे गड्डे आहेत असं समजा!"

बिचाऱ्या सरांना माझा धंदा ठाऊक नव्हता. मी घरी येऊन खऱ्याच कोबीसमोर सराव सुरू केला. एकही गड्डा उठून गेला नाही. शेवटी लुसीच ओरडली, "अहो, कोबी ऐकतोय, पण त्याला पानी कोन सोडनार?"

लग्नाच्या दिवशी हॉल गच्च भरलेला. माइक हातात आला, पहिलं वाक्य पळालं. मी सरांचं स्मरण केलं आणि समोर कोबी बघायला लागलो. दिसला की हो! जिकडं तिकडं कोबी! पण मग माझ्यातला भाजीवाला जागा झाला आणि मी गड्डे निवडायला लागलो. पहिल्या रांगेतली मावशी, घट्ट गड्डा. नवऱ्याचे मामा, वरची पानं काढावी लागतील. आणि तोंड आपोआप उघडलं.

"या, या, या! ताजा कोबी! सकाळीच तोडलाय!"

स्पीकरमधून हे सगळ्या हॉलभर घुमलं. बँडवाले थांबले. लुसीनं पदरात तोंड लपवलं. जेनिटा माझ्याकडं बघत होती, आणि भावाची जागा मी मातीत घातली म्हणून मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात नवऱ्याचे मामा ओरडले, "काय भाव लावला, काका?"

गिऱ्हाइकानं विचारलं आणि मी गप्प राहिलो, असं आजवर झालेलं नाही!

"भाव नाही! आज विकायचा दिवस नाही, द्यायचा आहे! आमची पोर देतोय, तीपन अर्धी. अर्धी आमच्याकडंच राहनार!"

हॉल हसायला लागला. जेनिटा ओरडली, "नि नवरा?"

"तो देठापासून बघून घेतलाय! तरी खराब निघाला तर मी रोज बाजारात बसतोच, आणून दे!"

टाळ्या थांबेनात. मग मी हळू बोललो, "हिचा बाप असता तर माझ्याहून नीट बोलला असता. पन मोठ्यानं बोलायला मला त्यानंच शिकवलं." आणि ग्लास उंच केला. सगळा हॉल उभा राहिला. जेनिटा धावत येऊन गळ्यात पडली आणि कितीतरी वेळ सोडेना. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

तेव्हापासून मी बारशाला बोलतो, वाढदिवसाला बोलतो, कुणी न सांगताही बोलतो. स्टेजची भीती अजून आहे, नाही असं नाही. फक्त आता मी माइककडं निघालो की ती समोरच्यांना वाटते.