मधेच उतरणारे

चाकणहून येणाऱ्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. साठीचे असतील. उजव्या हाताची बोटं हवेतच काहीतरी थांबवायची, पुन्हा सोडायची. कुरुळीला ट्रॅफिक तुंबलं तसा त्यांना घाम फुटला. "तालमीची वेळ टळून चालली," ते पुटपुटले.

समोरच्या मावशींनी विचारलं, "काय काम करताय, भाऊ?"

"कंडक्टर आहे."

"व्हय? कंच्या डेपोला?"

ते हसले. "बसवर नाही, मावशी. वाद्यवृंदाचा. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, पण आजच्या लोकांनी रचलेलं. थोडं माझंही. जन्मभर तेच वाजवून घेतलं."

"मग येत्यात का लोकं?"

"येतात. पण मधेच उतरतात." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "माझी पाठ असते ना त्यांच्याकडं. खुर्ची वाजली की कळतं, एक गेला. रविवारी चिंचवडला कार्यक्रम आहे, या."

गेलो. खरं सांगतो, त्या संगीतातलं मला ओ की ठो कळलं नाही. मागं खाडकन् खुर्ची वाजली. त्यांचा वर गेलेला हात क्षणभर तिथंच अडला, मग पुढचा ठोका दिला. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण हलायची छाती होईना. संगीत संपलं, टाळ्या झाल्या, ते वळले. तरी मी खुर्ची घट्ट धरून बसलेलोच.