साडूची उदमांजरं

अख्ख्या वाशिम जिल्ह्यात उदमांजराच्या विष्ठेला माझ्या साडूइतका मान देणारा दुसरा माणूस सापडणार नाही. जनावरांच्या दवाखान्यात शेणाचे नमुने तपासता तपासता तो निवृत्त झाला आणि घरी सूक्ष्मदर्शक मांडून बसला. उदमांजराच्या पोटातले गोल जंत कोणत्या महिन्यात वाढतात नि कधी ओसरतात, एवढंच त्याला जाणून घ्यायचं. विष्ठेतल्या बिया पाहून तो महिना सांगतो. केनवडच्या एका लग्नात, भर पंगतीत, त्याच्या खिशातून डबी पडली. शेजारच्या पाहुण्यानं सुपारी समजून ती उघडली आणि पुढं बुंदीला शिवला नाही. साडू शांतपणे म्हणाला, "झाकन लावा पाहुणे, वाळलं तं जंताचे अंडे दिसत नाहीत."

जऊळक्याला माझं गोदाम आहे. त्याच्या मागं बांधकामातली उरलेली रेती पडली होती आणि तिथं एक उदमांजर नेमानं यायचं. साडूनं बारा महिने नमुने न्यायची परवानगी मागितली. मी हमालीपासून वर आलेला माणूस. समोरच्यानं बारा म्हटलं की माझ्या तोंडून सहा निघतंच. माझं जाणार काहीच नव्हतं, तरी निघालं. पावसाळ्यानंतर पिल्लं बाहेर पडतात, तेव्हाच जंत जास्त, ते महिने तरी द्या, अशी त्यानं गयावया केली. गयावया करणारा मालाची किंमत सांगून टाकतो, म्हणून मी आणखी ताणलं. फाल्गुन ते श्रावण ठरलं. भादव्यापासून पाय ठेवायचा नाही.

कार्तिकात तो मला गोदामामागं सापडला. भिंत चढून आला होता. हमालांदेखत मी त्याची सगळी अब्रू काढली, पिशवी हिसकली. त्यानं रेतीकडे बोट केलं. तिथं प्लास्टिकचा छोटा पेला होता आणि इवल्या तळहातांचे ठसे.

"लेकरू खेळते ना इथं, साडभाऊ? मंग तुमचा सौदा ऱ्हाऊ द्या."

माझी चार वर्षांची नात; गोदामाला लागूनच आमचं घर. आधीच्या चोरट्या खेपेलाही त्यानं ते ठसे पाहिले होते आणि घरी तपासलं तर त्याच खेपेच्या नमुन्यात जंतांची अंडी खच्चून भरलेली होती. ती पोटात गेली तर जंत लेकराच्या डोळ्यापर्यंतही पोहोचू शकतात, असं तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "माती खाते का ते?"

खात होती. त्याच दिवशी तिला वाशिमला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, औषध झालं. देवाची कृपा, काही बिघडलं नव्हतं. परत आलो तर साडू त्या रेतीवर उकळत्या पाण्याच्या बादल्या ओतत होता. मग खोल खड्डा करून त्यानं ती स्वतः पुरली.

माझा राग गेलेला नाही. शब्द देऊन मोडणारा माणूस मला चालत नाही, आणि मोडून वर बरोबर ठरणारा तर मुळीच नाही. पण रोज सकाळी नातीचे डोळे पाहिले की या माणसापुढं माझी मान आपोआप खाली जाते.

त्यानंतर ते उदमांजर तिथं फिरकलं नाही. साडूची इतक्या दिवसांची नोंद कार्तिकातच तुटली. पार शिरपूरपर्यंत मळेच्या मळे मी स्वतः पालथे घातले. उदमांजराची तशी नेमाची जागा मिळाली नाही. रिकाम्या हातानं त्याच्या घरी गेलो. तो वही उघडून बसला होता, पुढचे रकाने कोरे.

"भेटली नाही जागा," मी म्हटलं.

"पोरगी काय करून राह्यली?"

"अंगनात खेळून राह्यली."

त्यानं त्या कोऱ्या रकान्यांवरून एकदा हात फिरवला आणि वही मिटली.