पांढरी लोकर

माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत आमच्या शेजारच्या बाई क्रोशानं लोकरीचे चौकोन विणून, जोडून चादरी करत. सगळ्या पांढऱ्याशुभ्र. खाणीची काळी धूळ घराघरात बसायची. बाई चादर रोज झटकायच्या, दर रविवारी धुवायच्या. दुपारी ब्लास्टिंगनं भांडी वाजली, तरी त्यांची सुई थांबत नसे.

मी खाणीतलाच. एकदा चंद्रपूरहून काळी लोकर आणून दिली. म्हटलं, "बाई, हिच्यावर धूळ दिसनार नाई."

"दिसत नाई म्हनून बसू देऊ काय तिले?"

लोकर मात्र ठेवून घेतली. आठवड्यानं ड्यूटीवरून येताना त्यांच्याकडे चहाला वळलो, तर उंबऱ्याबाहेर काळ्या चौकोनांचं नवं पायपुसणं.

मी थबकलो.

"पाय पुसून या, भाऊ," बाई आतून म्हणाल्या. "तुमचीच लोकर आहे."