आवक क्रमांक चारशे सतरा

आत्या कोर्टात टायपिस्ट होती. निवृत्त झाल्यावर लोक आराम करतात. ही बाई माळ्यावर चढली. तिथे आजोबांचे कागद होते.

आजोबा, म्हणजे घरात सगळ्यांचे अण्णा, वकील. दोन देशांचं भांडण सैन्याने नव्हे, पंचांपुढे मिटावं, हे एकच खूळ त्यांनी तीस वर्षं जपलं. त्यापायी देशोदेशीच्या वकिलांना पत्रं लिहिली. लढाई पेटली तेव्हा पक्षकार पांगले, घराच्या काचा फुटल्या, शिव्यांची पत्रं आली. आजोबांनी प्रत्येक शिवीवर आवक क्रमांक टाकला, वहीत नोंद केली आणि उलटटपाली नम्र उत्तर धाडलं. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं!

आत्या बावीस वर्षं खपली आणि तिने सगळं लावून ठेवलं. विद्यापीठाचं ग्रंथालय कागद घ्यायला तयार झालं. फक्त दोन्ही वारसांच्या सह्या हव्या होत्या. दुसरे वारस म्हणजे माझे बाबा, आणि ते अडून बसले.

“चारशे सतरा काढ, मग सही करतो.”

चारशे सतरा हे बाबांचंच पत्र. सोळाव्या वर्षी वसतिगृहातून लिहिलेलं: तुम्ही देशद्रोही आहात, मला मुलगा म्हणू नका.

“नाही काढणार,” आत्या म्हणाली. “वहीत नोंद आहे.”

“ताई, लोक माझ्या तोंडात शेण घालतील गं!”

“घालू देत. अण्णांच्या तोंडात अख्ख्या शहराने घातलं, तेव्हा तू टाळ्या पिटत होतास.”

“मग सडू देत कागद माळ्यावर.”

“सडतायत कशाला? उद्यापासून माझ्या बाहेरच्या खोलीत मांडते. दार सताड उघडं. ज्याला वाचायचं त्याने यावं. एक्याऐंशीची आहे मी, माझं कोण काय वाकडं करणार?”

आत्याचा मला भलताच अभिमान वाटला, आणि बाबांची कीवही आली. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“अण्णांचं उत्तर आलं होतं. मी न वाचताच फाडलं.”

“त्याची प्रत आहे. मीच टाईप केलं होतं.”

“दाखव ना.”

“सही कर. मग ग्रंथालयात ये, अर्ज भर आणि चार लोकांत बसून वाच.”

बाबांनी चिडून सही ठोकली.

कागद वाचकांना खुले झाले त्या सकाळी मीच बाबांना घेऊन गेलो. अर्जात एक रकाना होता: कागदपत्रांच्या मूळ मालकाशी नातं. बाबांनी पेन टेकवलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘मुलगा’.